देवांची वाटणी

घराची वाटणी निघाली की आपल्याकडे कागदांना तोटा राहत नाही. सिटी सर्व्हेचा उतारा निघतो, घरपट्टीच्या पावत्या निघतात, आजोबांच्या नावाचे एखादे जीर्ण खरेदीखत ट्रंकेच्या तळातून वर येते. सोने तोळ्यांत, जमीन गुंठ्यांत, ठेवी रुपयांत अशी सगळी मोजदाद होते. तांब्याच्या बंबापासून शिसवी कपाटापर्यंत प्रत्येक वस्तूला यादीत जागा मिळते. या यादीत देव मात्र कधी सापडायचे नाहीत. ज्यांना नैवेद्य दाखवल्याखेरीज घरात कोणी पानावर बसत नसे, अशी ही मंडळी; पण वाटणीच्या कागदावर त्यांचे नाव घालायला कोणाची लेखणी धजत नाही. मग खोल्या रिकाम्या होतात, दाराला कुलूप लावायची वेळ येते आणि कोणाला तरी आठवण होते, "अरे, देवांचे काय करायचे?"

हा प्रश्न एकदा थेट लंडनपर्यंत जाऊन आला आहे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात देवाच्या पूजेच्या पाळ्या लावलेल्या होत्या. आपल्या पाळीच्या दिवसांत देव आपल्या घरी नेण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे त्यांतल्या एकाचे म्हणणे. दुसऱ्याला ते मान्य नव्हते. भांडण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले आणि १९२५ साली निकाल लागला. देव म्हणजे कोणी उचलून न्यावी अशी जंगम चीज नव्हे. त्याने कोठे राहावे याबाबत त्याच्या स्वतःच्या इच्छेचाही मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा मांडायला ज्याचा यात काही स्वार्थ नाही असा कोणी त्रयस्थ न्यायालयाने नेमावा, असे तिथल्या न्यायमूर्तींनी ठरवले. मला हा निकाल फार आवडतो. ज्यांनी कधी ताम्हनात पळीभर पाणी सोडले नसेल अशा माणसांनी देवाला विचारल्याशिवाय त्याला हलवू नका म्हणावे, आणि ज्यांचे देव त्यांना मात्र ते सुचू नये, यातली गंमत वाचकांनीच पाहावी.

आमच्या घरी असा त्रयस्थ नेमायची वेळ आली नाही. पण येता येता राहिली, एवढे खरे.

आमचा वाडा वाईला, कृष्णेच्या घाटापासून दोन गल्ल्या आत. वडील २००९ साली गेले, आई २०२२ च्या श्रावणात. तिचे वर्षश्राद्ध झाल्यावर आम्ही चौघे भावंडे बसलो: दादा, ताई, मी आणि धाकटा. वाडा विकायचा यावर दुमत नव्हते. माळवदाला टेकू देऊन देऊन थकलो होतो. पैशांच्या वाटणीतही काही अवघड गेले नाही. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क मिळाला, आणि तो कायदा आमच्या दादाने जितक्या सरळपणे मानला तितक्या सरळपणे फार थोड्या घरांत मानला जात असेल. चार समान वाटे झाले. तिढा पडला तो देवघराच्या उंबऱ्याशी.

देवघरात नेमके कोण कोण होते, ते सांगितल्याशिवाय तिढा कळायचा नाही. शहरातल्या तरुण वाचकांना देव म्हणजे संगमरवरी देव्हाऱ्यातली एक सुबक मूर्ती, असे वाटण्याचा संभव आहे. जुन्या घरातले देव असे एकटेदुकटे नसत, ते एक मोठे कुटुंबच असे. आमच्याकडे पितळी संपुष्टात पंचायतन होते. भिंतीला टेकून चांदीचे टाक उभे असत, एक जेजुरीच्या खंडोबाचा, एक तुळजाभवानीचा. टाक म्हणजे देवतेची आकृती ठोकून उठवलेला पातळ पत्रा. वर्षानुवर्षे घासून घासून तो इतका गुळगुळीत होतो की शेवटी घोडा कोणता आणि स्वार कोणता हे फक्त घरच्यांनाच ठाऊक. आमच्या खंडोबाचे नाक माझ्या आजीच्याच काळात नाहीसे झाले होते. असे टाक फार झिजले की नवे घडवून जेजुरीला किंवा तुळजापूरला नेतात, मूळ देवाची भेट घडवतात आणि मग घरी आणतात. भाऊ वेगळे झाले की प्रत्येकाच्या घरी नवे टाक बसवायचे, ही रीतही जुनीच. म्हणजे कुलदेवतेच्या बाबतीत पूर्वजांनी वाटणीची सोय करून ठेवली होती.

टाकांच्या पुढे रांगता बाळकृष्ण. आणि त्याच्या शेजारी तीन अन्नपूर्णा! एकाच घरात तीन अन्नपूर्णा कशा, असे कोणी विचारील. लग्नाच्या दिवशी वधू गौरीहरापाशी बसून अन्नपूर्णेची पूजा करते आणि सासरी जाताना ती मूर्ती बरोबर घेऊन जाते. म्हणजे घरात आलेल्या प्रत्येक सुनेबरोबर तिच्या माहेरचा एक देव येतो. आमच्या देवघरातली सर्वांत झिजलेली अन्नपूर्णा पणजीची, मधली आजीची आणि हातात नीट पळी दिसणारी ती आईची. कुळाचे देव पुरुषांकडून पुरुषांकडे जातात असे आपण सहज म्हणतो. पण देवघरात डोकावून मोजले तर निम्मे देव बायकांनी आणलेले निघतात. सुनांची नावे बदलली, आडनावे बदलली, पुढे वंशावळीच्या कागदावर त्यांची नावेही राहिली नाहीत; या तीन बोटभर पितळी बायका मात्र आपापल्या जागी बसून होत्या.

आता पंचायतनाविषयी. शिव, विष्णू, देवी, सूर्य आणि गणपती या पाचांची एकत्र पूजा आद्य शंकराचार्यांनी रूढ केली असे परंपरा मानते. या पाचांना घडवलेल्या मूर्तीच पाहिजेत असे नाही, निसर्गात मिळतात तसे दगडच चालतात: शिवासाठी नर्मदेतला बाण, विष्णूसाठी गंडकीतला शाळिग्राम, देवीसाठी सुवर्णमुखी नदीतला धातूची झाक असलेला खडा, गणपतीसाठी शोण नदीतला तांबडा दगड आणि सूर्यासाठी स्फटिक. दूरदूरच्या नद्यांचे गोटे एका वाईकराच्या ताम्हनात येऊन बसतात, हे भूगोलाच्या तासाला मुलांना सांगण्यासारखे आहे. त्यातही मला अधिक विचारात पाडते ती त्यांची मांडणी. ज्याची उपासना मुख्य त्याला मध्ये बसवायचे, बाकीचे चौघे चार कोपऱ्यांत. वैष्णवाच्या घरी विष्णू मध्ये, शैवाच्या घरी शिव मध्ये. कोणाला हाकलायचे नाही. ज्या आचार्यांनी ब्रह्म सत्य आणि बाकी सर्व आभास असे सांगितले, त्यांच्याच नावावर ही पाच दगडांची पूजा जमा आहे. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात हा विरोध वाटतो. ताम्हनात तो वाटत नाही, कारण मध्ये कोणालाही बसवता येते याचा अर्थच असा की मधली जागा कोणा एकाच्या मालकीची नाही.

मी गेली अनेक वर्षे महाविद्यालयात संतवाङ्मय शिकवतो. विसोबा खेचरांची कथा सांगताना वर्ग अजूनही कान देऊन ऐकतो. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय टाकून निजलेले, नामदेव रागावलेले. जिथे पिंड नाही तिथे माझे पाय उचलून ठेव असे विसोबा सांगतात, आणि नामदेव ज्या जागी पाय ठेवतात तिथे पिंड! समर्थांनी दासबोधात चार प्रकारचे देव सांगितले आहेत: पहिली प्रतिमा, दुसरे अवतार, तिसरा अंतरात्मा आणि चौथा निर्विकार. हा जिना एकदा फळ्यावर काढला की पोरांना वाटते, पहिली पायरी ओलांडायचीच तर तिथे थांबायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की नामदेवांना ज्ञान झाल्यावरही त्यांनी पंढरी सोडली नाही. आणि नुसत्या चौथ्या पायरीवर राहायला आलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या बोलण्यात निर्विकार ब्रह्म पुष्कळ असते, पण घरी पाहुणा आला तर पाण्याचा तांब्या पुढे करायला ती उठत नाहीत.

हा टोमणा झाला, तरी पूजेचा गाभा मला त्यातच दिसतो. सोळा उपचारांची यादी एकदा शांतपणे वाचून पाहा: आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा, एकेका ऋचेला एक उपचार. पण ऋचा क्षणभर बाजूला ठेवल्या तर ही चक्क पाहुणचाराची यादी आहे. कोणी दुरून चालत आला आहे. त्याला या म्हणावे, बसायला द्यावे, पाय धुवायला पाणी द्यावे, चूळ भरू द्यावी, आंघोळीची सोय करावी, धूतवस्त्र द्यावे, गंध लावावे, जेवू घालावे. घरी आलेल्या थोर अतिथीचा मधुपर्काने सत्कार करण्याचा विधी गृह्यसूत्रांत आहे आणि लग्नात नवरदेवाच्या वाट्याला तो अजूनही येतो. त्याच घराण्यातली ही देवपूजा. यज्ञात देवाला अग्नीच्या हाती सामान पाठवून द्यावे लागे. पूजेत तो स्वतःच घरी येतो. यात यजमानाने काय मानावे हे कुठेच विचारलेले नाही, त्याने काय करावे एवढेच सांगितले आहे. माझ्यासारख्या, रोज सकाळी श्रद्धा तितक्याच वजनाची भरत नाही अशा माणसाला, ही यादी त्यामुळेच मोठी सोयीची वाटते. पाहुणा खरोखरच आला आहे की नाही याची खात्री करून घेत बसलो तर पाणी कधी देणार?

पाहुणा म्हटला की त्याचे जाणेही आले. आवाहनाला जोडून विसर्जन असते, आणि ही कल्पना फार थोड्या धर्मांत इतक्या मोकळेपणाने वावरत असेल. भाद्रपदात मातीच्या गणपतीत प्राणप्रतिष्ठा करायची, दीड, पाच किंवा दहा दिवस त्याचे लाड करायचे, आणि उत्तरपूजा झाली की अक्षता टाकून मूर्ती जागेवरून जराशी हलवायची. तेवढ्या हलण्याने देव जातो, उरते ती माती. लहानपणी मी त्या क्षणी मूर्तीच्या डोळ्यांकडे टक लावून पाहत असे, काही बदलते का म्हणून. डोळे तसेच राहत; पण आईचा आवाज बदलत असे. आता पाण्यात कोठे सोडायचे याची बोलणी सुरू होत, आणि सकाळपर्यंत ज्याला आपण अहोजाहो करत होतो तो दारातल्या पाटावर उभा असे.

मात्र सगळ्याच देवांना हे लागू नाही. शाळिग्राम आणि बाण यांना आवाहन नाही आणि विसर्जनही नाही, असे शास्त्र सांगते. त्यांच्यात देव बोलवावा लागत नाही, तो असतोच. म्हणून त्यांना निरोपही देता येत नाही. मातीच्या गणपतीचे कसे करायचे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. शाळिग्रामाचे काय करायचे याला मात्र एकच उत्तर आहे, आणि ते म्हणजे रोज त्याला आंघोळ घालायची.

हा शाळिग्राम म्हणजे तरी काय? माझ्या मुलीने शाळेत भूशास्त्राची ओळख झाल्यावर आत्याला विचारले होते, "हा देव आधी गोगलगाय होता का?" गोगलगाय नव्हे, पण ती फार चुकली नव्हती. गंडकीच्या खोऱ्यात, नेपाळात मुक्तिनाथाच्या बाजूला सापडणारे हे काळे गोटे. त्यांच्यातले चक्र म्हणजे अॅमोनाइट या समुद्री प्राण्याच्या कवचाचा ठसा. हे प्राणी ऑक्टोपसच्या दूरच्या नात्यातले आणि केव्हाच नामशेष झालेले. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे टेथिस नावाचा समुद्र होता, आणि हे जीव सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी त्याच्या तळाशी गाडले गेले. मग तळ वर उचलला गेला, नदीने तो कापला आणि समुद्रातला जीव डोंगरावरच्या पाण्यात लोकांना सापडू लागला. ताईने हे सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग तर याला आंघोळ घालायलाच हवी. बिचारा पाण्यातला." भूशास्त्र आणि पूजा यांचा इतका झटपट समझोता मी कुठल्या परिसंवादात पाहिलेला नाही.

ताईविषयी आता सांगितले पाहिजे. २००४ साली तिचे यजमान गेले आणि ती वाईला परत आली. गावातल्याच शाळेत नोकरी केली, आई-वडिलांपाशी राहिली. वडील होते तोवर पूजा त्यांची. ते गेल्यावर पंचाईत झाली. मुलगे तीन, पण तिघेही बाहेरगावी. आई बाळकृष्णाला आणि अन्नपूर्णांना आंघोळ घाली, टाक पुसून ठेवी, पण संपुष्टाला हात लावत नसे. शाळिग्रामाला स्त्रियांनी शिवू नये, असे तिला लहानपणापासून शिकवलेले. मग शेजारचा एक मुंज झालेला मुलगा रोज शाळेत जाण्यापूर्वी येई, पंचायतनावर पाणी घाली, गंध-फूल वाही आणि आईकडून खडीसाखर घेऊन जाई. मोठा गुणी मुलगा. २०१५ साली तो शिकायला पुण्याला गेला. दोन दिवस संपुष्ट उघडला गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आई ताईला म्हणाली, "देव पारोसे ठेवायचे का गं?" ताईने न्हाऊन घेतले आणि संपुष्ट उघडला. त्या दिवसापासून आई जाईपर्यंत, आणि गेल्यावरही, एक दिवस खंड नाही.

बोलणे निघाले तेव्हा ताई एवढेच म्हणाली, "देव माझ्याकडे राहू देत." गावातच तिने दोन खोल्यांची जागा पाहून ठेवली होती. यावर दादा बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने आपले म्हणणे मांडले. कुळाचे देव थोरल्याकडे जातात. ताई सासरच्या गोत्राची. आणि शाळिग्राम बाईमाणसाच्या हाती द्यायचा तर आजवर पाळले ते काय उगीच? त्याच्या बोलण्यात ताईविषयी कमीपणा नव्हता. वडिलांनी त्याला आठव्या वर्षी शेजारी बसवून संध्या शिकवली होती, आणि ते देव आपल्याकडून सुटले तर वडिलांना काय सांगायचे, ही त्याची खरी टोचणी होती. तुमच्याकडे पूजा रोज होईल का, असे वहिनींना विचारले तर त्या सरळ म्हणाल्या, "रविवारी होईल. बाकीच्या दिवशी दोघांनाही साडेसातची बस असते." ही प्रामाणिक माणसे आहेत, म्हणून तर प्रश्न अवघड.

दादाचे शास्त्र चुकीचे नव्हते. स्त्रियांनी आणि ज्यांची मुंज होत नाही त्यांनी शाळिग्रामाला स्पर्श करू नये, दुरून पूजा करावी, असे निर्णयसिंधू-धर्मसिंधूसारख्या निबंधग्रंथांत आहे. धर्मसिंधू तर आपल्या पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा, १७९० च्या सुमाराचा. महाराष्ट्रातल्या भटजींचा तो उजवा हातच. पण शास्त्र एकाच तोंडाने बोलते, हा समज शास्त्र न वाचणाऱ्यांचा. भारतरत्न पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे जे प्रचंड खंड लिहिले, ते चाळले तर कोणत्याही आचाराबाबत निबंधकार एकमेकांशी किती वाद घालत होते ते पानोपानी दिसते. शाळिग्रामाच्याच बाबतीत सोळाव्या शतकातला चैतन्य संप्रदायाचा हरिभक्तिविलास हा ग्रंथ निराळा कौल देतो: ज्याने विष्णुदीक्षा घेतली त्याला, मग ती स्त्री असो की शूद्र, शाळिग्रामपूजेचा अधिकार आहे. म्हणजे निषेध हवा असेल तर निषेध सापडतो, अनुमती हवी असेल तर अनुमती. कोणते पान उघडायचे ते उघडणाऱ्याचे मन ठरवते.

मी दादाला ग्रंथ दाखवले, पण माझा भर त्यांच्यावर नव्हता. आपल्या मराठी मुलखाला यात ग्रंथांपेक्षा जवळचा आधार आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईच्या जात्याशी बसून देव दळण दळू लागला, असे ती स्वतः सांगते. देवाने शिवायचे आणि तिने शिवायचे नाही, हा हिशेब बसतो कसा? सतराव्या शतकातल्या बहिणाबाईंनी तर घरात नवऱ्याचा मार खाऊन, वेदांची दारे बाईला बंद असल्याचे दुःख उघड बोलून, तुकोबांना गुरू केले. आणि पुढेही हा ओघ थांबलेला नाही. पुण्यात १९७० च्या दशकात शंकरराव थत्ते यांनी उद्यान मंगल कार्यालयात स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली; त्यांच्यामागून कितीतरी जणी लग्ने-मुंजी लावू लागल्या. पंढरपुरात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले, आणि त्याच वर्षी मंदिर समितीने विठ्ठल-रुक्मिणीच्या पूजेसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. विठोबाच्या गाभाऱ्याची गोष्ट ही; आमचा संपुष्ट तो केवढा!

एवढे बोलूनही दादा हलला नाही. माणूस युक्तिवादाने हलत नाही, हे वर्गात इतकी वर्षे शिकवून मला ठाऊक आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे घाटावर गेलो. घाटाच्या वरच्या अंगाला एक पिंपळ आहे. त्याच्या पारावर आणि बुंध्याशी देवांचा नुसता खच पडला होता. काचा फुटलेल्या तसबिरी, रंग उडालेले दत्त, टवका उडालेली लक्ष्मी, पितळेचा एक लहानसा बाळकृष्णसुद्धा. घरे बदलली, म्हातारी माणसे गेली, नव्या घराच्या फर्निचरात देव्हारा मावेना. कचऱ्यात टाकायला हात होईना आणि ठेवून घ्यायला मन होईना, म्हणून पिंपळाखाली. एका गणपतीच्या पाठीमागे कुत्रे झोपले होते. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. दादाने तो पितळी बाळकृष्ण उचलला, धोतराच्या सोग्याने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला, आणि पुन्हा होता तिथे ठेवला. परतताना गल्लीच्या तोंडाशी म्हणाला, "आपल्या गुरुजींना विचारू. ते सांगतील ते करू."

आमचे गुरुजी ऐंशी उलटलेले, कर्मठ. ते दादाच्याच बाजूने बोलणार अशी मला जवळजवळ खात्री होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले, तपकिरीची चिमूट ओढली आणि विचारले, "गेल्या आठ वर्षांत पाणी कोणी घातले?" ताईने, असे दादाच म्हणाला. "मग आता मला कशाला विचारता? देव उपाशी राहू नये एवढे पाहा. शिवाशिवीचे प्रायश्चित्त लागलेच तर मी घेतो." आणि मग त्यांनी टाकांची ती जुनी सोय काढली. जुने टाक दादाकडे जावेत, तो थोरला. बाकीच्या घरांनी नवे घडवून जेजुरीला आणि तुळजापूरला भेटवून आणावेत. पंचायतन मात्र जिथे रोज स्नान घडते तिथे. मलिक घराण्याच्या खटल्यात देवाची इच्छा सांगायला जो त्रयस्थ हवा होता, तो आम्हाला वाईतच, एका जुन्या झोपाळ्यावर बसलेला भेटला.

दादाने मान हलवली. खुशीने हलवली असे मी म्हणणार नाही. पण घरी आल्यावर त्याने स्वतः टाक उचलून लाल फडक्यात गुंडाळले आणि संपुष्ट ताईपुढे सरकवला. बाळकृष्ण ताईकडेच राहिला. अन्नपूर्णांपैकी पणजीची आणि आईची ताईकडे. आजीची माझ्या मुलीने मागून घेतली, कारण तिला ती सर्वांत नकटी म्हणून आवडते. धाकट्याने घंटा नेली. मी सहाण मागितली. तीन पिढ्यांनी गंध उगाळून तिच्यात मध्ये बशीसारखा खोलगट खळगा पडला आहे. दगड तो, चंदनाच्या खोडाने झिजला. ती माझ्या टेबलावर आहे, आणि आमच्या घरच्या पूजेसाठी गंध तिच्यावरच उगाळतो. रोजच, असे लिहिले असते, पण परीक्षांच्या दिवसांत ते काम माझ्या पत्नीकडे जाते आणि ती हा लेख वाचणार आहे.

ताई नव्या जागेत गेली. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीला तिने देव्हारा बसवून घेतला. सकाळी सातला तिच्याकडे फोन केला तर उचलत नाही. पंचायतन ताम्हनात असते. दिवाळीत नरकचतुर्दशीला ती सगळ्या देवांना तेल-उटणे लावते, आईसारखीच, शाळिग्रामाला थोडे जास्त.

२०२४ च्या कार्तिकात तुळशीच्या लग्नाला तिने आम्हा सगळ्यांना बोलावले. यजमान गेलेल्या बाईने लग्न लावायचे का, असे इमारतीतल्या एका आजींनी विचारले, त्यांना ताईने हातात अक्षता देऊन पुढे उभे केले. गॅलरीत गेरूने रंगवलेली कुंडी, तिला उसाची खोपटी, मातीत खोचलेले चिंचा-आवळे. मंगलाष्टकांना भटजी नव्हते; मीच म्हणायचे ठरले होते. अंतरपाट धरायला ताईने दादाला बोलावले. त्याने लग्नघरातल्या सवयीने तो छातीपर्यंत उंच धरला.

"अरे दादा, खाली धर," ताई म्हणाली. "नवरा चार बोटांचा आहे. इतका वर धरलास तर दोघेही खालून एकमेकांना बघून घेतील."

दादा गुडघा धरत, कण्हत खाली बसला. अंतरपाट जमिनीला टेकला, आणि मी पहिले मंगलाष्टक सुरू केले.